दैनंदिन जीवन आणि ख्रिस्ती बोध : बायबलमधील दृष्टांतांचे मराठी वाचन (वैनगंगा खोऱ्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

धर्मग्रंथ आणि दैनंदिन जीवन यांचा संबंध हा धर्माच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न होय. ग्रंथ एका विशिष्ट काळात, विशिष्ट भूमीत आणि विशिष्ट भाषेत निर्माण होतो. त्याचे वाचन मात्र वेगळ्या काळात आणि वेगळ्या भूमीत होत राहते. बायबलच्या बाबतीत हे अंतर विशेष जाणवते. येशूने सांगितलेल्या कथांमधील शेत गालीलचे आहे, सरोवर गालीलचे आहे आणि रस्ता यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा आहे. अशा कथांमधून भंडारा जिल्ह्यातील पवनीसारख्या वैनगंगाकाठच्या गावातील वाचकाला बोध होत असेल, तर तो कोणत्या मार्गाने होतो? त्या बोधात मूळ ग्रंथाचा वाटा किती आणि वाचकाच्या अनुभवाचा वाटा किती? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

हा विचार केवळ ख्रिस्ती धर्मीयांपुरता मर्यादित नाही. मराठी साहित्याच्या अध्यापनात फादर थॉमस स्टीफन्स, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. त्यांच्या लेखनामागील वाचनपद्धती समजून घेतल्याखेरीज ते लेखन पूर्णपणे उलगडत नाही. शिवाय, रोजच्या व्यवहारातील एखादी साधी गोष्ट माणसाचे आचरण बदलून टाकण्याइतके सामर्थ्य कशी धारण करते, हा प्रश्न समाजशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचा वाटेल.

'दृष्टांत' : संज्ञा आणि मराठी परंपरा

येशूच्या कथांसाठी मराठी बायबलमध्ये आणि ख्रिस्ती लेखनात 'दृष्टांत', 'दाखला' आणि 'बोधकथा' असे तीनही शब्द आढळतात. यांपैकी 'दृष्टांत' या शब्दाला मराठीत जुनी आणि भक्कम परंपरा आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांनी निरूपणाच्या ओघात सांगितलेले दृष्टांत केशिराजबास यांनी 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात संकलित केले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील या ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत. चक्रधरस्वामींचे एक शिष्य नीळभट्ट भांडारेकर यांच्या नावातच भंडाऱ्याची खूण आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वैनगंगेचा परिसर या परंपरेला परका नाही.

'दृष्टांतपाठा'ची रचना त्रिपदरी आहे. प्रथम सूत्र येते, नंतर दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांत, दृष्टांत म्हणजे व्यवहारातील उदाहरण आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या उदाहरणाचा सिद्धांताशी घातलेला मेळ. हत्ती पाहावयास निघालेल्या जन्मांधांची कथा या ग्रंथात आहे. ती वाचताना कथा कोठे संपते आणि तिचा अर्थ कोठे सुरू होतो, याविषयी संदिग्धता राहत नाही.

शुभवर्तमानांतील दृष्टांतांची रचना यापेक्षा थोडी वेगळी आहे. तेथे सूत्र बहुधा उघड नसते आणि दार्ष्टांतिक पुष्कळदा श्रोत्यावरच सोपविलेले असते. जुन्या करारातील नाथान संदेष्ट्याचा प्रसंग (२ शमुवेल १२) याचे उत्तम उदाहरण होय. दावीद राजाने आपल्या एका सैनिकाची पत्नी बळकावली आणि त्या सैनिकास मृत्यूच्या तोंडी दिले. नाथानाने राजाला थेट दोष दिला नाही. एका श्रीमंताने आपले कळप राखून ठेवून गरिबाची एकुलती एक, लेकराप्रमाणे वाढविलेली मेंढी हिरावून घेतली, अशी गोष्ट त्याने सांगितली. राजा संतापला आणि त्याने त्या श्रीमंताला दोषी ठरविले. तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच होता, हे नाथानाने त्यानंतर सांगितले. म्हणजेच दृष्टांत हे केवळ समजावण्याचे साधन नाही. श्रोत्याला स्वतःच्या विरुद्ध निवाडा द्यावयास लावण्याचेही ते साधन आहे. दैनंदिन जीवनातून बोध घेणे म्हणजे प्रसंगावर गोड तात्पर्य चिकटविणे नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मराठी ख्रिस्ती साहित्यातील वाटचाल

मराठी भूमीत या वाचनाची सुरुवात चार शतकांपूर्वी झाली. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी बायबलची कथा पुराणाच्या साच्यात आणि ओवीच्या चालीत सांगितली. मराठी भाषेची थोरवी गाताना त्यांनी रत्न, मोगरा, कस्तुरी, मयूर अशा इथल्याच वस्तूंच्या उपमा योजल्या. स्टीफन्स ज्या येशूसंघाचे सदस्य होते, त्याचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या शिकवणीत सर्व वस्तूंमध्ये ईश्वराचा शोध घेणे हे साधनेचे एक प्रमुख अंग मानले जाते. स्टीफन्स यांच्या भाषेतील निसर्ग व लोकजीवन यांचा आदर या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

विदर्भात या प्रवाहाला एकोणिसाव्या शतकात चालना मिळाली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. ते जितके धर्मोपदेशक तितकेच भूशास्त्राचे अभ्यासक होते. 'हिस्लॉपाइट' हे खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. सृष्टी आणि शास्त्र ही एकाच कर्त्याची दोन पुस्तके आहेत, असे मानणारा एक जुना ख्रिस्ती विचार आहे. खडक आणि जीवाश्म यांचा अभ्यास धर्मकार्याच्या आड येतो असे न मानणाऱ्या हिस्लॉप यांच्या जीवनात हा विचार प्रत्यक्ष दिसतो. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. १८८३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव चालवीत आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंगही याच भूभागात घडला. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने निघाले होते. हा मार्ग तत्कालीन भंडारा जिल्ह्यातून जातो. डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी सौजन्याने संभाषण केले आणि बायबल वाचण्यास दिले. पुढे त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या भक्तीच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळेच त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, कीर्तन आणि ओवी ही माध्यमे स्वीकारली. १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रकाशित झाला.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे कार्य या संदर्भात वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते समजावे, हा त्यांचा हेतू होता. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला आणि संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले. एकविसाव्या शतकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी 'सुबोध बायबल'द्वारे हीच परंपरा पुढे नेली. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार लाभला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांनी भूषविले.

शेत : पेरणारा आणि निदण

पेरणाऱ्याचा दृष्टांत (मत्तय १३, मार्क ४, लूक ८) सर्वपरिचित आहे. पेरणारा बी पेरतो. काही वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. तिफणीने पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला येथे एक साधा प्रश्न पडतो : हा पेरणारा इतका निष्काळजी कसा? तिफणीच्या नळ्यातून बी मोजके आणि ओळीत पडते. ते वाटेवर पडण्याचा संभव थोडा. पॅलेस्टाईनमध्ये आधी बी फेकून मग नांगर फिरविण्याची रीत होती, असे स्पष्टीकरण जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी दिले. काही अभ्यासकांना ते मान्य नाही; परंतु बी हाताने फेकले जात होते, यावर दुमत नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला मात्र हा प्रश्न फारसा अडत नाही. येथे धानाची लागवड दोन प्रकारे होते. पऱ्हे टाकून नंतर रोवणी करणे हा एक प्रकार आणि बांधीत बी फेकून पेरण्याची 'आवत्या' पद्धत हा दुसरा. आवत्याचे बी धुऱ्यावर पडते, पायवाटेवर पडते आणि पाखरे ते टिपतात, हे येथील माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याच्या दृष्टीने पेरणारा निष्काळजी नसून उदार ठरतो. जमीन पाहून बी आखडून न धरता तो सर्वत्र टाकतो. कथेतील भर जमिनीच्या प्रकारांवर आहे तसाच तो पेरणाऱ्याच्या औदार्यावरही आहे, हा अर्थ येथे वाचकाच्या अनुभवामुळे उजळतो. स्थानिक अनुभव ग्रंथाला साहाय्यभूत कसा होतो, याचे हे उदाहरण होय.

गहू आणि निदण यांचा दृष्टांतही (मत्तय १३) असाच आहे. शत्रूने रात्री येऊन गव्हात निदण पेरले. चाकर ते उपटावयास निघाले, तेव्हा मालकाने त्यांना कापणीपर्यंत थांबावयास सांगितले. कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. हे निदण म्हणजे ओंबी येईपर्यंत गव्हासारखेच दिसणारे एक गवत, असे अभ्यासक मानतात. धानाच्या बांधीत उगवणारे रानटी धानही लोंबी बाहेर पडेपर्यंत ओळखू येणे कठीण असते. निंदण करणाऱ्या बाईचा हात तेथे क्षणभर थबकतो. हा थबकलेला हात हेच त्या दृष्टांताचे मर्म होय. माणसांविषयीचा अंतिम निवाडा घाईने करू नये, असे ही कथा सांगते. अन्यायाकडे दुर्लक्ष करावे, असा मात्र तिचा अर्थ होत नाही. कापणीचा दिवस कथेत आहेच.

घर : विरजण, मीठ आणि दिवा

स्वयंपाकघरातील उदाहरणे अधिक सोपी वाटतात. पण तेथेच अर्थ निसटण्याची शक्यताही अधिक असते. एका स्त्रीने तीन मापे पिठात खमीर लपविले आणि सर्व पीठ फुगले, अशी एका ओळीची कथा मत्तय १३ मध्ये आहे. पोळी, भाकरी आणि भात यांवर चालणाऱ्या मराठी घराला खमिराचा रोजचा परिचय नाही. त्याच्या जागी विरजण चटकन सुचते. चमचाभर विरजण भांडेभर दुधाचे रात्रीत दही करते. ते दिसत नाही, आवाज करत नाही आणि एकदा काम झाल्यावर परत वेगळे काढता येत नाही. साम्य उत्तम आहे. परंतु एक अंशतः महत्त्वाची गोष्ट त्यात हरवते. यहुदी परंपरेत वल्हांडणाच्या सणात खमीर घराबाहेर काढले जाई आणि येशूने स्वतः अन्यत्र परूश्यांच्या शिकवणीला खमिराची उपमा देऊन सावध केले आहे (मत्तय १६). म्हणजे खमीर ही मूळ श्रोत्याला निर्विवाद शुभ वाटणारी वस्तू नव्हती. देवाच्या राज्याची तुलना अशा वस्तूशी होताच तो चमकला असणार. विरजणाने कथेची प्रक्रिया कळते, परंतु हा धक्का कळत नाही.

मिठाची गोष्ट याहून वेगळी. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या मनात घट्ट रुजलेला आहे आणि त्यात कृतज्ञता व निष्ठा यांचा भाव आहे. मत्तय ५ मध्ये मात्र शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले आहे, ते चव आणि टिकाऊपणा या गुणांमुळे. येथे मीठ खाणारा महत्त्वाचा नसून मीठ स्वतः महत्त्वाचे आहे. मराठी वाक्प्रचाराच्या ओढीने वाचले तर अर्थ निष्ठेकडे झुकतो. जुन्या करारात (गणना १८) करार टिकाऊ असल्याची खूण म्हणून मिठाचा उल्लेख येतो, त्यामुळे निष्ठेचा अर्थ बायबलला अगदी परका नाही. पण तो या वचनाचा अर्थ नव्हे. अध्यापकाने हा भेद दाखविणे आवश्यक आहे.

दिव्याच्या उदाहरणात भाषेने वाचकाला चांगली साथ दिली आहे. दिवा लावून कोणी तो मापाखाली ठेवत नाही, असे तेथे म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द धान्य मोजण्याच्या भांड्याचा आहे. ज्या घरात पायली असते, त्या घरात हे चित्र सहज उभे राहते. प्रकाश झाकणारी वस्तू ही घरातील धान्य मोजण्याचे, म्हणजे हिशेबाचे भांडे आहे, हेही लक्षात येते. हिशेबाच्या भांड्याखाली प्रकाश झाकू नये, हा अर्थ मूळ वचनात उघडपणे सांगितलेला नाही. तो वाचकाच्या मनात उमटलेला पुढचा विचार आहे आणि तसा तो नोंदविला तर त्यात गैर काही नाही.

मजुरी आणि जाळे

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत (मत्तय २०) श्रमजीवी समाजाला नेहमीच अस्वस्थ करतो. मालक पहाटे मजूर ठरवितो, नंतर नऊ, बारा आणि तीन वाजता पुन्हा काही मजूर आणतो आणि सायंकाळी पाच वाजताही चौकात उभ्या असलेल्यांना कामावर पाठवितो. दिवस संपल्यावर सर्वांना एकच मजुरी मिळते. दिवसभर राबलेले कुरकुर करतात आणि ती कुरकुर सहजी खोटी ठरविता येत नाही. रोवणीच्या हंगामात समान कामासाठी समान मजुरी मागणाऱ्या मजुराला हा मालक अन्यायी वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र कथेतील एका तपशिलाकडे लक्ष दिले पाहिजे. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, या प्रश्नाला शेवटच्या मजुरांनी दिलेले उत्तर असे, की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. ते आळशी नव्हते. त्यांना काम मिळाले नव्हते. ठरलेली मजुरी एका दिवसाच्या पोटापुरती होती. ती अर्धी दिली असती, तर त्या घरी त्या रात्री अर्धेच अन्न शिजले असते. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा अनुभव घेतला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला, तेथील वाचकाला काम मागूनही न मिळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. या दृष्टांताच्या आधारे कोणी कमी मजुरीचे समर्थन करील, तर ते मूळ कथेच्या विरुद्ध होईल. कारण कथेतील मालकाने कोणालाही ठरल्यापेक्षा कमी दिलेले नाही.

जाळ्याचा दृष्टांत (मत्तय १३) तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात सहज समजतो. ढिवर समाजातील मासेमारांनी ओढलेले जाळे काठावर येते आणि मग निवड होते. मूळ श्रोत्यांच्या मनात ही निवड धर्मनियमाशीही जोडलेली होती. पर आणि खवले नसलेले मासे लेवीय ११ नुसार यहुद्यांना वर्ज्य होते. वैनगंगेच्या काठी मात्र खवले नसलेला मागूर आवडीने खाल्ला जातो. टाकावू मासा कोणता, हे येथे आणि तेथे एकच नाही. दृष्टांताचा बोध निवड होण्याच्या सत्यात आहे, माशाच्या जातीत नाही, हे या फरकामुळेच स्पष्ट होते.

पाणी : शेजारी कोण?

दैनंदिन जीवनातून मिळालेल्या बोधाची खरी कसोटी मराठी समाजात पाण्याच्या घड्यापाशी लागली. योहान ४ मध्ये येशू एका विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो आणि ती आश्चर्याने विचारते, की यहुदी असून तो तिच्याकडे पाणी कसे मागतो. दोन समाजांमध्ये भांड्यांचा व्यवहार नव्हता, ही या प्रसंगाची पार्श्वभूमी आहे. युरोपीय वाचकाला ती तळटीपेतून समजून घ्यावी लागते. भारतीय वाचकाला ती तळटीप लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या १९३४ ते १९३६ या काळात प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात हा प्रश्न पोथीतला न राहता घरातला होतो. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्यांच्या मनातील परिवर्तन वादविवादाने किंवा ग्रंथप्रामाण्याने घडले नाही. माणसे निर्माण करणाऱ्याने जाती निर्माण केल्या असतील का, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घरात अनाथ मुले सतत वाढत राहिली आणि हा निश्चय रोजच्या पंगतीत उतरला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाण्याचा पेला आणि मग बाप्तिस्म्याचे पाणी, असा तो क्रम होता.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत (लूक १०) याच प्रश्नाचे सूत्र मांडतो. एक शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? मराठीतील 'शेजारी' हा शब्द जागेशी बांधलेला आहे. ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे तो शेजारी. जुन्या गावाच्या रचनेत कोणाची भिंत कोणाला लागावी, हे जातीने ठरविलेले होते. कथेत लुटारूंनी घायाळ केलेल्या माणसाजवळून याजक व लेवी निघून जातात आणि तुच्छ मानल्या गेलेल्या समाजातील एक प्रवासी थांबतो. शेवटी येशू प्रश्नच उलटा करतो : त्या घायाळ माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी असणे हे येथे शेजारी होणे ठरते. या एका क्रियापदाच्या बदलाने वस्तीचा नकाशा निरर्थक होतो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. ग्रंथ वाचल्याने आचरण बदलतेच असे नाही. ख्रिस्ती समाजातही जातीचे भेद टिकून राहिले, ही इतिहासाची साक्ष आहे. म्हणूनच बोध मिळाला की नाही, याचे उत्तर प्रवचनात मिळत नसून व्यवहारात मिळते.

वाचनाची पद्धती आणि तिच्या मर्यादा

वरील उदाहरणांवरून एक पद्धती हाती येते. पहिली पायरी म्हणजे मूळ प्रसंग त्याच्या भूमीत समजून घेणे : पेरणी कशी होई, खमिराविषयी काय भावना होती, मजुरी कशाला पुरत होती. दुसरी पायरी म्हणजे आपल्या अनुभवातील समान वस्तू शोधणे. तिसरी पायरी म्हणजे ते साम्य कोठे संपते हे सांगणे. चौथी पायरी म्हणजे बोधाने स्वतःच्या आचरणात काय बदलावे लागेल, हा प्रश्न विचारणे. पहिली पायरी गाळली तर ग्रंथ आपल्याच मताचा आरसा होतो. तिसरी गाळली तर साम्य फसवे ठरते. चौथी गाळली तर सर्व खटाटोप करमणूक ठरतो.

ख्रिस्ती विचारपरंपरेत याविषयी दीर्घ चर्चा झाली आहे. संत ऑगस्टीन यांनी शोमरोन्याच्या कथेतील प्रत्येक तपशिलाला रूपकात्मक अर्थ दिला : घायाळ माणूस म्हणजे आदाम, धर्मशाळा म्हणजे चर्च आणि धर्मशाळेचा रखवालदार म्हणजे पौल. या मांडणीत भक्तीची खोली आहे, परंतु रस्त्यावर पडलेला माणूस तीत दिसेनासा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासक आडोल्फ यूलिखर यांनी प्रत्येक दृष्टांताचा मुख्य मुद्दा एकच असतो, असे आग्रहाने मांडले. १९३५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी दृष्टांतांना येशूच्या काळातील प्रत्यक्ष प्रसंगांशी जोडले. नंतरच्या अभ्यासकांनी यूलिखर यांचा एकच मुद्द्याचा आग्रह बराच सैल केला. तरीही तपशिलांचा अर्थ मनमानी पद्धतीने लावू नये, हा त्यांचा इशारा आजही उपयुक्त आहे.

ग्रंथातील बोध आणि वाचकाने शोधलेला बोध यांत भेद करणे हेही तितकेच आवश्यक आहे. रोवणीच्या वेळी पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून, दुसऱ्या बांधीच्या चिखलात लावले जातात आणि तेथे ती अधिक जोमाने वाढतात. स्थलांतरित कुटुंबाला किंवा सासरी आलेल्या मुलीला यात आपल्या जीवनाचे प्रतिबिंब दिसेल आणि श्रद्धावान व्यक्तीला त्यात ईश्वरी योजनाही दिसेल. हा बोध सुंदर आहे, पण रोवणीचा दृष्टांत बायबलमध्ये नाही. शिवाय सर्वच पऱ्हे जगत नाहीत. विस्थापनाची वेदना सोसणाऱ्याला हे उदाहरण सांगताना तितकेच भान ठेवावे लागते. स्वतःच्या विचाराला ग्रंथाचा अधिकार बहाल करण्याचा मोह टाळणे, ही या पद्धतीची नैतिक अट आहे.

निसर्गाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांच्याकडे पाहा, असे येशूने सांगितले (मत्तय ६). 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टिळकांनी 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेत घायाळ पक्षिणीची व्यथा चितारली. एकीकडे पाखरांची काळजी वाहणारा पिता आणि दुसरीकडे पाखराला मारणारा मनुष्य. सृष्टीतून केवळ सांत्वन मिळत नाही, तर मनुष्याच्या जबाबदारीचीही आठवण मिळते. फादर दिब्रिटो यांनी वसईत पर्यावरणरक्षणाच्या चळवळीचे नेतृत्व केले, ते या जबाबदारीच्या जाणिवेशी सुसंगत होते.

अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व

पवनी परिसराचा इतिहास या विषयाला एक वेगळे परिमाण देतो. जगन्नाथ टेकडीवर १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि दानलेख उजेडात आले. जातककथांची बौद्ध परंपरा, महानुभावांचे दृष्टांत, संतांचे अभंग आणि शुभवर्तमानांतील कथा या सर्वांनी सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यातूनच आपली भाषा घडविली. वर्गात या परंपरा शेजारी शेजारी ठेवून शिकविता येतात. त्या सर्व एकच गोष्ट सांगतात, असे भासविण्याची गरज नाही. त्यांची साधने समान आहेत आणि त्यांचे सिद्धांत भिन्न आहेत, हे विद्यार्थ्याला दाखविणे अधिक प्रामाणिक ठरेल.

मराठीच्या अध्यापकाला येथे भाषांतराचा अभ्यास करता येईल : खमीर आणि विरजण, माप आणि पायली, शेजारी आणि बंधू यांत अर्थ कसा सरकतो? समाजशास्त्राच्या अध्यापकाला मजुरी आणि पाणी यांच्या कथा चर्चेसाठी घेता येतील. विद्यार्थ्यांना आपल्या गावातील शेती, मासेमारी, विणकाम यांतील शब्द गोळा करावयास सांगून कोणता शब्द कोणत्या कथेला उजळतो आणि कोणता तिची दिशाभूल करतो, हे तपासता येईल. अशा उपक्रमाने धर्मप्रचार होत नाही. भाषेचे, परिसराचे आणि परस्परांच्या श्रद्धांचे भान मात्र वाढते.

निष्कर्ष

१. दैनंदिन जीवनातून बोध घेण्याची ख्रिस्ती पद्धती मराठीला उपरी नाही. दृष्टांताची भक्कम परंपरा मराठीत आधीपासून होती आणि स्टीफन्स, टिळक दांपत्य, पंडिता रमाबाई व दिब्रिटो यांनी मराठीच्या अंगभूत सामर्थ्याचा उपयोग केला.

२. स्थानिक अनुभव कधी मूळ अर्थ उजळतो, जसे आवत्याच्या पेरणीत; कधी तो अर्धाच पोहोचवितो, जसे विरजणात; आणि कधी तो वेगळीकडे नेतो, जसे मिठाच्या वाक्प्रचारात. म्हणून साम्याबरोबर भेदही सांगणे आवश्यक ठरते.

३. दृष्टांताचा रोख प्रथम श्रोत्याकडे असतो. दुसऱ्यांविषयी निष्कर्ष काढण्यासाठी तो वापरला गेला, की नाथानासमोर उभ्या असलेल्या दावीदाची चूक पुन्हा घडते.

४. बोधाची कसोटी आचरण हीच होय. लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनात ती पाण्याच्या पेल्यापाशी लागली. ज्या गावात अजूनही एखाद्या हातचे पाणी घेताना मन किंचित अडखळते, तेथे शेजारी कोण हा प्रश्न जुना झालेला नाही, आणि त्याचे उत्तर ग्रंथ मिटल्यानंतरच द्यावे लागते.